पुन्हा दाबा

उद्यमबागेतल्या आमच्या फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, साहेबांनी माझी खुर्ची ड्रॉइंग रूममध्ये हलवायला सांगितली, तेव्हा मी जेवायला गेले होते. परत येऊन बघते तर कॉम्प्युटरपुढची माझी जागा मोकळी. तो राग इतक्या वर्षांनीही उतरलेला नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. भट्टीचं तापमान सांभाळणारं एक कंट्रोल कार्ड आम्ही बनवणार होतो आणि त्याचा प्रोग्रॅम मी लिहिला होता. अनगोळच्या मजुराच्या घरातली मी पहिलीच शिकलेली मुलगी. प्रोग्रॅम चालला तर कॉम्प्युटरच्या खोलीत राहणार, नाहीतर जन्मभर दुसऱ्यांची ड्रॉइंगं ट्रेस करणार. कार्ड अजून आलं नव्हतं, म्हणून बंगळूरहून आलेल्या साहेबांनी कॉम्प्युटरच्या पोटातच, नुसत्या प्रोग्रॅमने, कार्डासारखं वागणारं एक पाहुणं यंत्र तयार केलं होतं. बटण दाबलं की त्यात माझ्या प्रोग्रॅमची एकच आज्ञा चालायची आणि पडद्यावर दिसायची.

साहेब बटण दाबत आणि प्रोग्रॅम तापमान वाचायला पळे. ते वाचून झालं की पुन्हा तिकडेच. मुख्य काम काही पुढे सरकेना.

"हिला जमलेलं नाही," ते मालकांना म्हणाले. माझ्यासमोर, पण माझ्याकडे न बघता. त्याच दुपारी माझी खुर्ची हलली.

अहो, जमलेलं नाही कसं? तापमान वाचायला बोलावणारा इशारा, म्हणजे इंटरप्ट, घड्याळाच्या ठोक्यावर येतो. साहेबांनी पाहुण्याला बाहेरचं खरं घड्याळ जोडून ठेवलेलं. हे पडदा वाचणार, चष्मा पुसणार, सावकाश बटण दाबणार; तोवर पुढचा इशारा दारात हजर. पण स्वतःच्या हातचं तपासतील ते साहेब कसले! खापर माझ्या डोक्यावर फोडून मोकळे.

मी तडक मालकांकडे गेले. ते स्वतः ओतकाम करून वर आलेले.

"अण्णा, गडी लोखंड ओतत असताना त्याला कोण हाक मारतंय का?"

"खुळी हैस का? अंगाव सांडून घील की! निरोप आसंल तर वतून हुस्तवर गप हुबं ऱ्हायाचं."

"साहेबांचं यंत्र ओततानाच हाका मारतंय. मला त्या यंत्राला हात लावू द्या."

अण्णांनी मान हलवली. मी पाहुण्याची बाहेरच्या घड्याळाशी असलेली जोडणी तोडली आणि त्याला त्याचं स्वतःचं दिलं. पाहुणा जेवढं काम करेल तेवढंच ते पुढे सरकणार, बटणावरचं बोट कितीही रेंगाळो. इशारा हरवणार नव्हता, फक्त आपल्या वेळेला येणार होता.

मग दोघांना बोलावलं. साहेबांनी बटण दाबलं. एकेक आज्ञा सरळ पुढे गेली, मध्ये एकदाच प्रोग्रॅम तापमान वाचून आला आणि सोडलेल्या जागेवरून काम चालू झालं.

"झाला हिचा प्रोग्रॅम दुरुस्त," साहेब अण्णांना म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. मी त्यांचं जुनं यंत्र परत चढवलं. "दाबा," म्हटलं. अडकलं. "पुन्हा दाबा." अडकलं. मग नवं चढवलं. "आता दाबा. प्रोग्रॅम तोच आहे, त्यातलं अक्षरही बदललेलं नाही."

"म्हंजे पोरीचं काय चुकलंच नव्हतं म्हणा की," अण्णा म्हणाले.

साहेब पुन्हा चष्मा पुसायला लागले. मी ड्रॉइंग रूममध्ये गेले आणि माझी खुर्ची फरशीवरून खरडत, सगळ्यांना ऐकू जाईल अशी, परत ओढून आणली.