बँकॉकच्या उन्हात डोक्यावरून ओढणी

या ग्रुपवरचे गूढ अनुभव मी दोन-तीन वर्षांपासून वाचतोय आणि खरं सांगायचं तर निम्म्यांना हसलोय. माझं कामच तसं आहे. जालन्यातल्या एका बियाणे कंपनीच्या लॅबमध्ये मी उगवण तपासतो. ओल्या कागदात शंभर दाणे ठेवायचे, ठरलेल्या दिवशी उघडायचे आणि किती उगवले ते लिहायचं. उगवलं ते उगवलं, नाही ते नाही... मधलं काही नसतं. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय. पण चार महिने झाले, डोक्यातून जात नाही.

आम्ही बदनापूरला राहतो. मी, बायको सुनंदा आणि माझे वडील. त्यांना आम्ही दादा म्हणतो. वय अठ्ठ्याहत्तर, सगळा जन्म टेंभुर्णीच्या शेतात गेला. त्यांची एकच हौस राहिली होती – विमानात बसायची. जालन्याहून बँकॉकची टूर निघतेय कळल्यावर तिघांनी जायचं ठरलं. दादांचा पासपोर्ट काढायला टाकला. तो आलासुद्धा. पण...

आता जे सांगतो ते सांगायला लाज वाटते. दादा फार हळू चालतात. चार पावलं टाकली की थांबणार, दिसेल त्या माणसाला गाव विचारणार. वेरूळला नेलं होतं तर दोन लेण्यांत दिवस संपला आणि मी सगळ्यांसमोर त्यांच्यावर खेकसलो. परदेशात हे कोण सांभाळणार? म्हणून त्यांचा पासपोर्ट मी लॅबमधल्या माझ्या कपाटात ठेवून दिला आणि त्यांना सांगितलं, "दादा, तुमच्या अंगठ्याचे ठसे झिजलेत. मशीन घेत न्हाई. पासपोर्ट नाकारला त्यांनी."

त्यांना ते लगेच पटलं, कारण रेशन दुकानातल्या मशीनवर त्यांचा अंगठा खरंच उठत नाही. "आसंल बाबा," एवढंच म्हणाले. पुढे पंधरा दिवस ते झोपताना अंगठ्यांना खोबरेल तेल चोळायचे. सुनंदाला खरं माहीत होतं. ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

तर, दादांना टेंभुर्णीला आक्काकडे, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीकडे सोडून आम्ही दोघं गेलो. टूरचे चार दिवस छान गेले. पाचवा दिवस मोकळा होता, ज्याने त्याने आपापलं फिरायचं. मी कागदावर यादीच केली होती. फुलांचा बाजार, झोपलेल्या बुद्धाचं देऊळ, बोटीने नदीपलीकडे, तिकडेच जेवण, मग पाहुरातचा कापडबाजार, आणि दिवस मावळायच्या आत एका उंच इमारतीवरून शहर. साडेसातला हॉटेल सोडलं.

पहिल्यापासूनच काहीतरी बिनसलं होतं. मला सारखं वाटायचं, काहीतरी मागे राहिलं. खिसा चाचपला, पिशवी बघितली, दोघांचे पासपोर्ट मोजले. सगळं जागेवर. शंभर पावलं गेलो की पुन्हा तेच. आणि वेळ! नकाशात दहा मिनिटांचा रस्ता, कुठे थांबलो नाही, तरी पोचेपर्यंत पाऊण तास झालेला. मी चिडचिड करत पुढे पळायचो आणि वळून बघायचो तर सुनंदा मागे रेंगाळलेली.

फुलांच्या बाजारात झेंडूचे ढीग लागले होते. तिथे मी तिचा फोटो काढायला गेलो तर बाईसाहेबांनी पंजाबी ड्रेसवरची ओढणी डोक्यावरून घेतलेली. मी म्हटलं, "काढ ती. उकडून राह्यलंय किती." तिने काढली. देवळात पुन्हा डोक्यावर. आत तो सोन्याने मढवलेला एवढा लांबलचक बुद्ध, लोक माना वर करून बघतायत, आणि ही खाली मान घालून भिंतीकडेला उभी.

बोटीत जागा रिकामी होती तरी बसेना.

"बस की."

"नको. बरं दिसत न्हाई."

"कुणाला?"

"काय माहीत वो. हात आपोआप जाऊन राह्यलाय डोक्याकडं," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा उतरला.

सुनंदा जगात फक्त एका माणसासमोर डोक्यावर पदर घेते आणि त्यांच्यासमोर खुर्चीत बसत नाही. दादा स्वतः तिला शंभरदा म्हणालेत, "सोड ते आता." पण पंचवीस वर्षांची सवय, सुटत नाही. मी तो विचार झटकून टाकला. ऊन लागलं असेल म्हटलं आणि घड्याळ बघितलं. यादीत आम्ही दीड तास मागे होतो.

पलीकडे उतरून एका गल्लीत गेलो. शाकाहारी जेवण मिळतं तिथे पिवळा झेंडा लावलेला असतो, असं आमच्या गाईडने सांगितलं होतं. तसा झेंडा दिसला. एक म्हातारी बाई, चार टेबलं. भात, पालेभाजीचा पातळ रस्सा, मऊ टोफू. मी भराभर जेवत होतो. मधेच बघतो तर सुनंदा एका वेगळ्या वाटीत भात आणि रस्सा बोटांनी कुस्करत होती. दादांना दात नाहीत, घरी ती रोज त्यांच्यासाठी असंच करते. कुस्करून झाल्यावर तिने ती वाटी टेबलाच्या रिकाम्या बाजूला सरकवली, आणि मग दचकून स्वतःच्याच हाताकडे बघत बसली.

तेवढ्यात ती म्हातारी आतून एक बुटकं, पाठ असलेलं वेताचं आसन घेऊन आली. सावली बघून नेमकं त्या वाटीसमोर ठेवलं. रिकाम्या आसनाला वाकून हात जोडले आणि पंखा तिकडे वळवला.

मी खुणेने विचारलं, कोण? तिला इंग्रजी येत नव्हतं. ती हसली, कमरेत वाकली, एक हात पाठीवर ठेवला आणि चालून दाखवलं. चार पावलं... थांबली. मान वर करून इकडे-तिकडे बघितलं. पुन्हा चार पावलं.

मंडळी, ती दादांची चाल होती. मी ती आयुष्यभर बघितली आहे.

मी हातातला घास तसाच खाली ठेवला. बाहेर येऊन आक्काला फोन लावला. भारतात तेव्हा दुपारचा दीड वाजला असेल. आक्का रडतच बोलली.

"बापू, मी कवापासून फोन लावून राह्यले, लागतच न्हाई! दादा सकाळपासून उठंनात रे. चहाला हलवलं, जेवायला हलवलं... डॉक्टर आल्ते जाफराबादहून. नाडी बराबर, बीपी बराबर. म्हणले झोप हाय. आशी झोप आसती का? आन् झोपेत पाय हलवून राह्यलेत. चालल्यावानी. जीप सांगितलीय, जालन्याला नेतो."

मी सुनंदाला सांगितलं. तिने ओढणी पुढे ओढली.

"मामा दमलेत," ती म्हणाली. सासऱ्यांना ती मामा म्हणते. "सकाळपासून तुमच्यामागं पळून राह्यलेत."

"डोकं ठिकाणावर हाय का तुझं?"

"नसंल. पन आता पुढं पळू नका. बसा हितं, आन् खरं सांगा त्यांला. मंग घरी जा म्हणावं."

मी तिच्यावर ओरडलो. तिकीट बदलू, विमानतळावर जाऊ, असलं काहीबाही बोललो. ती जागची हलली नाही. शेवटी मी बोटीच्या धक्क्यावर जाऊन पायऱ्यांवर बसलो. शेजारी एका माणसापुरती जागा मोकळी होती. त्या मोकळ्या जागेकडे बघायची हिंमत होईना, म्हणून नदीकडे तोंड करून बोललो.

"दादा, पासपोर्ट आल्ता. माझ्या कपाटात हाय. तुमच्या अंगठ्याला काय बी झालं न्हाई. मशीननं न्हाई, मी नाकारलं तुमाला. तुमी हळू चालता म्हणून... मला लाज वाटती तुमच्यासंगं चालायची, म्हणून." मी रडत होतो. दोन गोऱ्या बायका बघत उभ्या होत्या. "आता घरी चला. जल्दी न्हाई. तुमच्या चालीनं."

परतीच्या बोटीत बसायला आम्ही खरंच हळूहळू चाललो. चार पावलं, थांबायचं. पुन्हा चार पावलं. बोट मधोमध आली तेव्हा सुनंदाच्या डोक्यावरची ओढणी वाऱ्याने खाली घसरली. तिने ती वर घेतली नाही. माझ्या शेजारच्या बाकावर टेकली आणि म्हणाली, "गेले."

आक्काला फोन लावला, लागेना. पुन्हा लावला. पुढची वीस मिनिटं, आधी बोटीत आणि मग धक्क्यावर, माझ्या डोळ्यांपुढे काय काय आलं ते मला विचारू नका. मग आक्काचाच आला.

"उठले रे! जीप दारात आली आन् आपलेआपण उठून बसले. चहा मागून राह्यलेत."

पाहुरात, उंच इमारत, सगळं राहून गेलं. परत आल्यावर दादांना टेंभुर्णीहून आणलं. त्यांनी विमानाचं, जेवणाचं सगळं विचारलं, मी सांगितलं. त्या दिवसाबद्दल आक्काला मी काही बोललो नव्हतो. सुनंदाही नाही, तिने शपथ घेतली आहे आणि तिच्यावर माझा विश्वास आहे. आठ-दहा दिवसांनी सकाळी मी ड्युटीवर निघालो होतो. दादा ओट्यावर बसले होते. मी बूट घालत असताना म्हणाले,

"बापू, तिकडं नदीवर बोलला ते बराबर केलं."

मी तसाच वाकून राहिलो.

"पन माझ्याकडं तोंड करून न्हाई बोलला. हितं कवा बोलणार?"

मी काय केलं असेल? "गाडी चुकंल दादा," म्हणालो आणि स्टेशनची वाट धरली.

त्या बाईला काय दिसलं, टेंभुर्णीत झोपलेल्या माणसाला नदीवरचं बोलणं कसं कळलं, याचं स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही. योगायोग म्हणून बघितलं, ऊन म्हणून बघितलं... बसत नाही. ज्याला जे वाटेल ते त्याने खुशाल लिहावं.

दादांनी पुन्हा विचारलेलं नाही. मी रोज निघतो तेव्हा ते ओट्यावरच असतात, आणि मी बूट घालतो, गाडीचं कारण सांगतो, आणि त्यांच्याकडे न बघता निघून जातो.