एसी शिवणाच्या खोलीतच राहील

ब्लाउज शिवून शिवून मी एसी घेतला आणि तो माझ्याच शिवणाच्या खोलीत बसवला, हे नांदुऱ्यातल्या आमच्या घराला पचलं नाही. लग्नसराईत रेशमावर घामाचा एक थेंब पडला तरी डाग राहतो आणि गिऱ्हाईक हातचं जातं. पण ऐकतो कोण! भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, यांच्या मते एसी शोभतो तो बैठकीत, पाहुण्यांसमोर.

त्यात तो मेला थंडच करीना. भासऱ्यांच्या हाती आयतं कोलीत मिळालं. आमच्याकडे भावजयीशी भासरे थेट बोलत नाहीत, तीही बोलत नाही. मी समोर बसलेली असताना ते सासूबाईंना म्हणाले, "माय, तिले सांग, उद्या एसी बैठकीत लावतो. तिले कूलर पुरे हाय."

उद्या! माझं डोकंच फिरलं. स्टुलावर चढून एसीची जाळी काढली. कापडाच्या तुसाने ती गच्च भरली होती. धुऊन बसवली, तरी खोली कोमटच. मग भर दुपारी गच्चीवर गेले. उन्हाळ्यात तिथे सासूबाईंचं आणि त्यांच्या पापडांचं राज्य. पाहते तर एसीच्या बाहेरच्या पेटीला चहूबाजूंनी ओलं गोणपाट, वर सुतळीच्या गाठी.

"उन्हात तापते बिचारी," पापड उलटता उलटता सासूबाई म्हणाल्या. "रांजनाले बांधतो तसं बांधलं. रोज पानीबी मारतो."

खोलीतली गरमी बाहेर फेकणारा पंखाच त्यांनी मायेने बांधून टाकला होता. मला हसू आलं आणि रडूही. गोणपाट सोडलं. घटकाभरात खोली गार झाली.

संध्याकाळी सासूबाई माझ्याजवळ बसल्या होत्या, तेव्हा भासरे आत आले, गारव्यात खुर्ची ओढून बसले. "माय, तिले सांग, आता तं मस्त चालते. आता तं बैठकीतच पाह्यजे."

म्हणजे बिघडला तरी बैठकीत, सुधारला तरी बैठकीत! सासूबाई काही बोलायच्या आत मी मशीन थांबवलं आणि सरळ भासऱ्यांकडे पाहिलं.

"भाऊजी, मलेच सांगा ना, मी हितंच बसली हावो. एसी माह्या कमाईचा हाय. तो हालनार नाही. बैठकीत कूलर लावा."

लग्न झाल्यापासून त्यांच्याशी बोललेलं हे माझं पहिलं बोलणं. भासरे आईकडे बघत राहिले. ते ताडकन उठले आणि दार सताड उघडं टाकून निघून गेले.

मी पुन्हा दोरा ओवायला घेतला. सुईत दोरा जाईना.

तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "दार लावून घे वो, थंडी हवा बाहीर चालली."