गोकुळदासमामाचं साळक

डिचोलीच्या आमच्या गोकुळदासमामाच्या परसात मधमाश्या यायच्या बंद झाल्या, तसा दुधीही धरेना. फुलं यायची आणि गळायची. वरच्या खाणीच्या लाल गाळाने मामाचं तळं बुजत चाललं होतं, त्यातली साळकं, ती कमळासारखी पाणफुलं, केव्हाच मेली होती. मामाने मधमाश्यांसाठी म्हणून कुठून तरी चार कंद आणून लावले. पावसात ते गाळाखाली जायचे. उघडीप झाली की मामा चिखलात उतरून त्यांना वर काढायचा आणि पुन्हा लावायचा. तीन वर्षं हेच. बघून माझं डोकं फिरायचं.

गोवा राज्य झालं त्या वर्षी, चवथीच्या सकाळी, एकच साळक उमललं. मामाने ते खुडून गणपतीवर टांगलेल्या रानफळांच्या माटोळीला बांधलं.

“मामा, माश्यांसाठी लावलेलंस ना रे?” मी ओरडले.

“पहिलं फूल देवाचं गो.”

दुपारी आरतीच्या वेळी एक मधमाशी घरात शिरली. माटोळीतल्या, दुपारपर्यंत मिटून गेलेल्या साळकावर क्षणभर टेकली आणि खिडकीतून निघून गेली. तीन वर्षांत आलेली ती पहिली, आणि शेवटचीही. मामाच्या हातातले टाळ थांबले. आरती मात्र चालूच राहिली.