कानामागचा निळा ठिपका

गौतम गेल्याचं त्याच्या मुलीनं फोनवर सांगितलं, तेव्हा मी माझ्या कुत्र्याला, मोतीला, आंघोळ घालत होतो. डाव्या कानामागची जागा सवयीनं कोरडी ठेवली होती. गौतमनं लावलेला निळा ठिपका तिथं अजून पुसटसा होता... फोन ठेवला आणि ओट्यावरच बसून राहिलो. त्याला आता महिना होऊन गेला.

गौतम गुरांच्या दवाखान्यात नोकरीला. बर्फाच्या डब्यात लस घेऊन तो मोटारसायकलवर शिरपूरहून आमच्या गावात यायचा आणि घरोघरची कुत्री टोचायचा. टोचलेलं कुत्रं ओळखू यावं म्हणून पोळ्याला शिंगं रंगवून उरलेला निळा रंग त्याच्या कानामागे लावायचा. दरवर्षी माझ्याकडचा चहा ठरलेला. मी निवृत्त मास्तर, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, पोरं पुण्याला. घरात बोलायला एक मोती.

एका वर्षी मी लबाडी केली. तो यायच्या आधीच मोतीच्या कपाळावर निळा रंग फासला आणि दवाखान्यात टोचून आणलं म्हणून ठोकून दिलं. गौतमनं मोतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मी कपायावर नाही लावत, गुरुजी. उद्या हा कोनाले चावला, तं रंग धावून येईन काय? काहून केलं असं?"

शरमेनं माझी मान खाली गेली. पण खरं ते सांगितलं. "सुई टोचली का हा दोन दिवस खाटेखालून निंघत नाही. मंग घरात कोन हाय मले?"

त्यानं मोतीला टोचलं, कानामागे रंग लावला आणि गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा फाटकात हजर. तिसऱ्या दिवशीही. त्यानंतर दरवर्षी लसीनंतरचे दोन दिवस तो येत राहिला, निवृत्त झाल्यावरसुद्धा. तेव्हा तोच मोतीला दवाखान्यात नेऊन टोचून आणायचा आणि माझ्या खिडकीत ठेवलेल्या डबीतला निळा रंग लावायचा. फारसं बोलायचा नाही. असं माझ्यासाठी पुन्हा कोणी येईल, असं वाटत नाही.

गेल्या आठवड्यात मोतीला मीच रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. नव्या डॉक्टरांनी लस दिली, कार्डावर तारीख लिहिली. रंगाचं त्यांना काय माहीत? घरी आल्यावर गौतमनं खिडकीत ठेवलेली डबी काढली. रंग वाळला होता, तेलाचे दोन थेंब टाकून बोटानं कालवला आणि डाव्या कानामागे लावला.

मोती खाटेखाली गेला. मी दोन दिवस फाटक उघडं ठेवलं.