सिप्रियन लोपीसचा सुरा

सिप्रियन लोपीसला विनोद कळत नसे. पुढचे घोटाळे टळावेत म्हणून हे तो स्वतःच लोकांना सांगून ठेवी. तरी घोटाळे व्हायचेच. एकदा लग्नाच्या मांडवात कोणी तरी म्हणालं, नवरा पळून गेला वाटतं, तर हा सायकल काढून स्टेशनपर्यंत जाऊन आला.

तो वसईतल्या गिरीजला राहायचा आणि सातिवलीच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होता. कारखान्यात दाराच्या बिजागऱ्या बनायच्या आणि त्यांची ड्रॉइंगं सिप्रियन काढायचा. बिजागरी करकरायला लागेपर्यंत तिच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. त्यामुळे आपल्या कामाबद्दल चांगलं बोललेलं त्याने कधी ऐकलं नव्हतं. ऐकायला मिळेल असं त्याला वाटलंही नव्हतं.

एक्याऐंशी सालची गोष्ट. गावातल्या शाळेत ॲन्सेल्म डाबरे नावाचा शिक्षक होता. चर्चचा तरुण संघ तोच चालवायचा आणि नाताळाच्या सुट्टीत पोरापोरींना घेऊन तुंगारेश्वरच्या डोंगरावर कॅम्पला जायचा. स्वयंपाक तिथेच करायचा, म्हणून एका गोणपाटात कोयता, कुऱ्हाड, विळी आणि दोन सुऱ्या भरून नेत. त्या वर्षी एसटीत विळीने गोणपाट फाडलं आणि शेजारच्या गृहस्थांची पँट गुडघ्यापासून खाली उघडी केली. कंडक्टरने गाडी थांबवून सगळ्या संघाला उतरवलं.

पुढच्या रविवारी मिस्सा संपल्यावर ॲन्सेल्म ही हकीकत चर्चच्या आवारात सगळ्यांना रंगवून सांगत होता. सिप्रियन जवळच उभा होता.

"सिप्रियनकाका," ॲन्सेल्म म्हणाला, "तुम्ही एवढी ड्रॉइंगं काढता, आम्हाला एकच हत्यार काढून द्या ना. लाकूड फोडेल, नारळ सोलेल, कोंबडी कापेल, कांदा चिरेल. आणि जमलं तर फादरांकडे जाऊन आमची पापंही सांगून येईल."

सगळे हसले. हसणं थांबेपर्यंत सिप्रियन थांबला.

"लांबी किती हवी?" त्याने विचारलं.

ॲन्सेल्मने गंमत म्हणून कोपरापासून बोटांपर्यंतचा हात दाखवला. सिप्रियनने तो नीट पाहून घेतला आणि घरी गेला.

घरी त्याने पहिल्यांदा बायकोला, फ्लॉसीला विचारलं, "तू दिवसभरात काय काय कापतेस?"

"तुमच्यासाठी राबता राबता माझा गळाच कापला जातो."

सिप्रियनने थोडा विचार केला. "ते सोडून," तो म्हणाला.

मग तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून ती कसं चिरते ते पाहू लागला. ते पाहून झाल्यावर वाडीत गेला. केळीचा घड कसा उतरवतात, वाळलेल्या फांद्या कशा तोडतात, शहाळं कसं तासतात, हे तो सुट्टीच्या दिवशी बांधावर बसून बघायचा. त्यातून त्याच्या एक गोष्ट ध्यानात आली. लाकूड तोडायला वजन पात्याच्या पुढच्या टोकाकडे लागतं. कांदा चिरायला मात्र ते हाताजवळ हवं. दोन्ही एकाच पात्यात कसं बसवायचं, असा पेच त्याला बिजागरीत कधी पडला नव्हता.

पाऊस संपेपर्यंत त्याने एक आकार ठरवला. पातं मुठीजवळ अरुंद आणि सरळ, म्हणजे भाजी चिरता येईल. पुढे ते रुंद होत जाऊन त्याला पोट यायचं, म्हणजे घाव बसेल. पण लोखंडाला हात लावण्याआधी त्याने पांगाऱ्याच्या लाकडाचा सुरा केला आणि तो जवळ बाळगू लागला. संध्याकाळी वाडीत उभा राहून तो हवेत घाव घाली. कधी गुडघ्यावर बसून, कधी डाव्या हाताने, कधी हात विहिरीच्या पाण्यात बुडवून.

शेजारच्या इनेझबाईंनी रॉकेलच्या रांगेत फ्लॉसीला गाठलं. "अगो, लोपीसांचं काय चाललंय?"

"काही नाही. सुरा हातात कसा बसतो ते बघतायत."

"कोणासाठी?" इनेझबाईंनी आवाज खाली आणून विचारलं.

ही चौकशी फादरांपर्यंत गेली. त्यांनी सिप्रियनला बाजूला घेऊन विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?"

"घरी विळी आहे, फादर," सिप्रियन म्हणाला. "पण ती बसून वापरावी लागते."

फादरांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

लाकडी सुऱ्यामुळे दोन गोष्टी ठरल्या. मुठीचं टोक खाली वळलेलं हवं, नाही तर ओल्या हातातून ती निसटते. आणि मूठ गोल नको, अंड्यासारखी लांबट हवी, म्हणजे न बघताही धार कुठल्या बाजूला आहे ते हाताला कळतं. एवढं झाल्यावर सिप्रियन तुळिंजला गेला. तिथे काशीराम नावाचा लोहार होता. तो कोयते, पहारी आणि बैलगाडीच्या चाकांच्या लोखंडी धावा करायचा. ड्रॉइंगचा कागद त्याने उलटासुलटा करून पाहिला.

"लोपीसभाऊ, हा कोयता का सुरा?"

"दोन्ही."

"मग दोन करू. एक कोयता, एक सुरा."

"एकच करायचा आहे."

"ह्याला बाक कुठाय?"

"बाक नाही. पोट आहे."

काशीरामने भाता ओढणं थांबवलं. "सुऱ्याला पोट," तो म्हणाला आणि कागद भिंतीवरच्या खिळ्याला टोचून ठेवला.

ट्रकच्या कमानीचा जुना पाटा तापवून त्याने पहिला सुरा ठोकला. लाकडाच्या त्याने चिरफळ्या केल्या. फ्लॉसीने तो कांद्यावर चालवला, तर कांदाही लाकडासारखाच फुटला आणि अर्धा मांडणीखाली गेला. "हे चिरणं नव्हे," ती म्हणाली. दुसरा सुरा पातळ केला. कांदा कागदासारखा चिरला गेला, पण बाभळीच्या सुक्या फांदीवर पहिल्याच घावाला धारेतून चंद्रकोरीएवढा तुकडा उडाला. तो तुकडा बरेच दिवस दुकानात होता आणि गिऱ्हाइकांना बघायला मिळायचा.

तिसऱ्या वेळी सिप्रियनने पाठीकडची जाडी मुठीजवळ ठेवली आणि टोकाकडे उतरवत नेली. धारेच्या दोन्ही बाजू सपाट न ठेवता तांदळाच्या दाण्यासारख्या किंचित फुगीर ठेवायच्या, असं ठरवलं.

"हे असलं नाजूक मी कानशीने घासत बसणार नाही," काशीराम म्हणाला.

मग सिप्रियन स्वतः बसला. मिस्सा झाली की तो सायकलवरून तुळिंजला जायचा आणि भट्टीशेजारी बसून दुपारपर्यंत कानस चालवायचा. काशीराम बाजूला आपलं काम करायचा. शेवटी काशीरामने पातं लाल करून तेलात बुडवलं, धार लावली आणि दाराबाहेरच्या ओंडक्यावर एक घाव घातला. मग हातावरचे केस त्याच धारेने काढून पाहिले.

"वाईट नाही," तो म्हणाला. सुरा त्याने थोडे दिवस स्वतःकडेच ठेवला. सिप्रियनला तो मागून घ्यावा लागला.

त्र्याऐंशीच्या नाताळाच्या सुट्टीत सिप्रियन सुऱ्याबरोबर कॅम्पला गेला. चाळिशी उलटली तरी तो छपराबाहेर कधी झोपला नव्हता. फ्लॉसीने त्याला चटई, उशी, स्वेटर आणि सायबिणीचं, म्हणजे मारियामातेचं, पदक दिलं. सुरा झाला तर दुसरं हत्यार नेणार नाही, असा शब्द ॲन्सेल्मने दिला होता; त्याप्रमाणे त्याने कोयता, कुऱ्हाड, विळी, सगळं घरी ठेवलं. सुरा चामड्याच्या म्यानात होता. एसटीत कोणाला इजा झाली नाही.

डोंगरावर पोचल्यावर ॲन्सेल्मने सुरा घेऊन लाकडं फोडायला सुरुवात केली. चार घावांत तो थांबला, सुऱ्याकडे पाहिलं आणि पुन्हा फोडू लागला. त्याने विनोद केला नाही, याचा अर्थ सुरा चांगला होता.

थोड्या वेळाने पॉलिन नावाची मुलगी कांदे घेऊन आली. "सर, सुरा."

"थांब जरा."

मग रॉबर्ट आला, हातात सोललेली कोंबडी धरून. त्याच्या मागे नारळ घेऊन एक जण. तंबूची दोरी कापायला आणखी एक. सुरा सगळी कामं करत होता, पण एका वेळी एकच. अंधार पडायच्या आत सुऱ्यासाठी रांग लागली. सिप्रियन रांगेच्या तोंडाशी उभा राहून नंबर लावत होता. मध्येच कोणी तरी सुऱ्यानेच खड्डा खणायला निघालं, तेव्हा सिप्रियनने सुरा काढून घेतला.

"खणण्याचं कोणी बोललं नव्हतं," तो म्हणाला.

भात कधीच तयार झाला होता. कोंबडीची पाळी आली तेव्हा नारळ अजून फुटायचा होता. जेवायला बसले तेव्हा निम्मे लोक पेंगत होते.

"काका," ॲन्सेल्म म्हणाला, "सुरा उत्तम आहे. चूक आमची आहे. आम्ही फार जण आहोत."

सिप्रियनने मान हलवली. त्यालाही तसंच वाटत होतं.

सकाळी त्याने सांगितलं की झोप छान लागली, फक्त उठून दार लावावं असं सारखं वाटत होतं. तो लाकडं फोडायला बसला तेव्हा पॉलिन जवळ येऊन उभी राहिली.

"काका, तुमचा हा असा सुरा माझ्या आईला मिळेल?"

सिप्रियनचा हात थांबला. इतकी वर्षं त्याच्या बिजागऱ्यांवर वसईतली दारं उघडत होती, पण त्याच्या नावाने त्यांतली एकही कोणी मागितली नव्हती. त्याने काही तरी उत्तर दिलं, पण काय दिलं ते नंतर ना त्याला आठवलं, ना पॉलिनला.

रांगेवर त्याने उपाय काढला. पुढच्या वर्षापर्यंत काशीरामकडून आणखी चार सुरे करून घेतले. आता कॅम्पला पाच सुरे जाऊ लागले आणि त्यांचं ओझं जुन्या गोणपाटापेक्षा जास्त भरायचं. ॲन्सेल्म ते न बोलता वाहायचा.

शहाऐंशीला कॅम्प अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर झाला. तिथून चारच सुरे परत आले.

"तिथे शकू म्हणून एक मासळीवाली आहे," ॲन्सेल्मने सांगितलं. "तिने बघायला म्हणून घेतला. एका घावात भल्या मोठ्या घोळ माशाचं डोकं उडवलं. मग परत दिलाच नाही. अर्धी घोळ दिली आम्हाला."

"मूठ निसटत होती का?"

"काका, आम्ही घोळ बघत होतो."

म्हणून सिप्रियन स्वतः अर्नाळ्याला गेला. शकू किनाऱ्याजवळ पाटी मांडून बसली होती. सुरा तिच्या हातात होता, मुठीला काथ्याची दोरी गुंडाळलेली होती.

"हा मी काढलेला सुरा आहे," सिप्रियन म्हणाला. "तुळिंजच्या काशीरामने ठोकला."

"तू काय? बरा झाला. पन पुढून दोन बोटं जास्त हाय. पाटीला लागतंय."

"तो कॅम्पसाठी आहे."

"क्यांप म्हंजे काय?"

"घर असून बाहेर जाऊन झोपायचं."

शकूने त्याच्याकडे निरखून पाहिलं. "कशाला?"

हे आजवर कोणी विचारलं नव्हतं. "नीट सांगता येत नाही," तो म्हणाला. "पण झोप चांगली लागते."

"मूठ तेलकट झाली का निसटते. म्हनून दोरी," शकू म्हणाली. "थांब, तुलाच कलंल." तिने सुरा त्याच्या हातात दिला, बाजूला सरकली आणि पदराने वारा घेऊ लागली. समोर एक बाई सुरमई घ्यायला उभी होती.

सिप्रियनने उभ्या आयुष्यात मासा कापला नव्हता. तो उकिडवा बसला आणि कापू लागला. तुकडे एकाला एक सारखे येईनात. गिऱ्हाईक बाईने काही तरी म्हणायला तोंड उघडलं, पण शकूने हातानेच तिला थांबवलं. तिच्यामागून दुसरी बाई आली, मग तिसरी. ऊन डोक्यावर येईपर्यंत सिप्रियन तिथेच बसून होता. त्या दिवशी अर्नाळ्यातल्या बऱ्याच घरांत सुरमई वाकडी गेली.

संध्याकाळी फ्लॉसीने त्याचा मासळीचा वास मारणारा शर्ट अंगणात नेऊन दोरीवर टाकला आणि विचारलं, "कुठे होतात?"

"सुरा दोन बोटं लांब झालाय," सिप्रियन म्हणाला आणि हात धुवायला विहिरीवर गेला.