उघडं लोखंड आणि आमचे ड्रायव्हरमामा

साठ सालाच्या आसपास मी मुळशीकडे वायरलेस मेकॅनिक होतो. डोंगरातून गेलेल्या विजेच्या तारांवर देखरेख करणारं आमचं खातं. कचेरी पौडला, आणि तारांखालून फिरायला एक जीप. त्या जीपमध्ये चालत्या गाडीतून बोलता येईल असा रेडिओ बसवायचं काम माझ्याकडे आलं. काम तसं सोपं होतं. अवघड होते ते जीपचे ड्रायव्हरमामा.

मामा जवळच्याच एका गावचे. जीप खात्याची आहे हे त्यांना बहुधा कोणी सांगितलंच नव्हतं. बॉनेटवर कोंबडी चढली तर तिच्या मालकाच्या दारात जाऊन भांडून येत. मामींना दर दसऱ्याला नवं लुगडं मिळे की नाही ठाऊक नाही, जीपला मात्र नवा हिरवा रंग चुकत नसे.

रेडिओ बसला. इंजिन बंद असलं की पौडच्या ऑपरेटरचा खोकलासुद्धा ऐकू येई. इंजिन सुरू केलं की नुसती खरखर, तापल्या तेलात मोहरी टाकावी तशी.

"मंग बंदच ठिवा की इंजिन," मामांनी तोडगा काढला.

मी त्यांना समजावलं. इंजिनात ठिणग्या उडतात, त्यांचा गोंगाट बॉनेटचा पत्रा हवेत पसरवतो आणि रेडिओ तोच ऐकत बसतो. बॉनेट, इंजिन आणि सांगाडा तांब्याच्या पट्ट्यांनी एकमेकांना जोडले की तो गोंगाट आतल्या आत जिरतो. पण पट्टी जिथे बसते तिथला रंग खरवडून लोखंड उघडं करावं लागतं.

खरवडायचं म्हटल्यावर मामांचं तोंड उतरलं. माझी कानस चालत होती तोवर ते पाठ फिरवून उभे राहिले. "पोरीगत सांभाळलीया तिला," एवढंच म्हणाले. खरखर मात्र थांबली.

दसरा झाला की मोठे साहेब पुण्याहून रेडिओ तपासायला येणार होते. चालत्या गाडीतून नीट बोलता आलं तर ठीक, नाहीतर इथे दुसरी जीप तिच्या ड्रायव्हरसकट येणार, ही पुण्याला जाणार आणि मामा पुन्हा खांब वाहणाऱ्या लॉरीवर. हे कळल्यापासून मामांचं जेवणातही लक्ष नव्हतं.

साहेब आले तेव्हा जीप झेंडूच्या माळा घालून चकाकत उभी होती. धरणाच्या कडेच्या रस्त्याला लागलो, साहेबांनी माइक उचलला, आणि तीच खरखर. पौडहून कोणी बोलत होतं की भांडत होतं, तेही कळेना.

"ही जीप उद्या पुण्याला पाठवा," साहेब शांतपणे म्हणाले. मामांनी गाडी बाजूला घेतली. त्यांचे हात स्टेअरिंगवरून निघेनात.

मी उतरून बॉनेट उघडलं. पट्ट्या जागच्या जागी, बोल्ट घट्ट. फक्त सगळं हिरवंगार होतं. पट्ट्यांची टोकं, बोल्ट, बोल्टचे आटे, आणि खाली मी उघडं केलेलं लोखंडसुद्धा.

"मामा, हे काय?"

"खंडेनवमीला समदं खोलून रंगवलं, भाऊ. पूजेला काय तिला उघडी बसवायची व्हय? आन् पुन्यांदा हुतं तसंच आवळलंय न्हवं?"

रागही आला आणि हसूही आवरेना. रंगातून वीज जात नाही. ज्या पट्ट्यांवर मामांचं जीपवर राहणं अवलंबून होतं, त्या त्यांनीच मोठ्या भक्तिभावाने निकामी केल्या होत्या. मी साहेबांकडे थोडा वेळ मागितला आणि कानस काढली. मामांनी ती माझ्या हातातून घेतली.

"द्या हिकडं. म्याच करतो."

हिरवा चुरा पडू लागला. थोडं घासलं की मामा त्या जागेवर फुंकर मारत, पडलेल्या लेकराच्या गुडघ्यावर मारतात तशी. या खेपेला त्यांनी पाठ फिरवली नाही. इतके दिवस त्यांची चेष्टा करणाऱ्या मला तेव्हा त्यांची फार माया वाटली.

पट्ट्या पुन्हा आवळल्या, गाडी निघाली. इंजिन गुरगुरत होतं आणि त्यातून पौडचा आवाज स्वच्छ आला, "बोला, ऐकतोय."

"राहू दे ही इथंच," साहेब म्हणाले, आणि हसत त्यांनी माइक मामांच्या तोंडापुढे धरला.

माइक तपासताना एक-दोन-तीन म्हणायची पद्धत असते. मामा माइककडे झुकले.

"गाडी हितंच ऱ्हातीया," ते पौडला म्हणाले. "पोरीला जरा खरचटलंय. बाकी बरी हाय."