बॅटरीच्या गाडीला नात्याबाहेरचं गिऱ्हाईक

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. दुकान चालत नसलं की ते आपोआप जमतात. जिथे गिऱ्हाईकांची रीघ असते तिथल्या माणसांना गोष्टी लक्षात ठेवायला सवड कुठली? आमच्या दुकानात सवडच सवड होती.

परवा धुळ्यात नेहमीच्या टपरीवर चहा घेत होतो. शेजारी दोन तरुण हमरीतुमरीवर आलेले. एकानं बॅटरीची मोटारसायकल बुक केली होती आणि दुसरा त्याला वेड्यात काढत होता. "अर्ध्या रस्त्यात बसली तर काय खांद्यावर आणशील?" "बॅटरी गेली की संपलं ना सगळं!" पहिला बिचारा मोबाईल उघडून त्याला काहीबाही दाखवत होता. हेच प्रश्न मी नव्वदच्या दशकात ऐकले आहेत, आणि उत्तरं देता देता माझी जीभ सुकली आहे. फरक एवढाच, की तेव्हा दाखवायला मोबाईल नव्हता. मी अजून एक कटिंग सांगितला आणि ऐकत बसलो. खरं सांगतो, फार बरं वाटलं.

तर तेव्हा पाचव्या गल्लीत नानांचं विहिरीवरच्या मोटारींचं दुकान होतं. नानांचा शब्द म्हणजे शब्द. "नानांनी सांगितलं ना? मग टाक टेम्पोत," असं म्हणून शेतकरी मोटार न बघता उचलायचे. अशा माणसानं एक दिवस बॅटरीवर चालणाऱ्या दुचाकीची एजन्सी घेतली. का घेतली विचारलं तर म्हणाले, "विजेवर पाणी वर चढतं, मग माणूस पुढे का नाही जाणार?"

दुकानात माणसं दोनच. मोटारींचं वायंडिंग करणारे गफूरभाई, आणि नुकताच डिप्लोमा झालेला मी. माझ्या शर्टावर कंपनीचा बिल्ला होता आणि त्यावर 'सेल्स इंजिनिअर' लिहिलेलं होतं. दुकानाच्या वरच नानांचं घर, तिथे अक्का. म्हणजे नानांच्या बायको, पण सगळी गल्लीच त्यांना अक्का म्हणायची.

पहिली गाडी नानांच्या मेव्हण्यांनी घेतली. दुसरी नानांच्या व्याह्यांनी. त्यानंतर शांतता.

कंपनीचा माणूस येऊन सांगून गेला, आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, तिसरी गाडी गेली नाही तर एजन्सी दुसरीकडे देऊ. पण नानांना सलत होतं ते निराळंच. "ते दोघं गाडी घ्यायला आले नव्हते रे, नातं राखायला आले होते," ते म्हणायचे. "ज्याला मी कोण हेही माहीत नाही, असा एक माणूस स्वतःच्या मनानं गाडी घेऊन जाऊ दे. मग मी म्हणेन भरवसा बसला. नाहीतर मी घरच्या माणसांना खेळणी विकली."

आणि त्याची झळ लागायलाही लागली होती. विहिरीच्या मोटारी घ्यायला येणारे जुने शेतकरी कोपऱ्यातल्या गाडीकडे बघायचे आणि हळूच विचारायचे, "नाना, ही मोटार तरी खरी शे ना?" हा प्रश्न आला की नानांचं जेवण अर्धं राहायचं.

*

पहिल्या डेमोचीच गोष्ट घ्या. शिंदखेड्याकडचे एक भाऊ आले. अंगानं भरलेले, पांढरं धोतर, टोपी. मी त्यांना गाडीवर बसवलं, किल्ली फिरवली.

भाऊ म्हणाले, "चालू करा ना."

"चालूच आहे भाऊ."

त्यांनी वाकून कान लावला. "चालू शे? मंग आवाज कथा गया?"

"हिला आवाज नसतोच."

भाऊंनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. फटफटी सुरू आहे की नाही हे बघायची आपल्याकडे एकच रीत. उभ्या जागी मूठ पिळून रेस द्यायची. भाऊंनी ती सवयीनं पुरती पिळली. पुढच्या क्षणी गाडी, भाऊ आणि समोरच्या हातगाडीवरची केळी असं सगळं एकत्र होतं.

केळीवाल्यानं तोंड उघडायच्या आत भाऊ उठले. धोतर झटकलं, टोपी शोधून डोक्यावर ठेवली, दबलेली केळी तेवढी विकत घेतली. जाताना मला म्हणाले, "गाडी बेस शे. पन निंघताना सांगस नही."

त्या दिवसापासून दुकानात कोणी शिरलं की केळीवाला आपली गाडी चार हात पुढे ढकलायचा. वर घरात बसलेल्या नानांना त्यावरूनच कळायचं, की गिऱ्हाईक आलं आहे.

*

मेव्हणे सरकारी नोकरीत. त्यांचा थाट मोठा. गाडी घेतली त्याच महिन्यात त्यांनी सफारी सूट शिवला आणि दोन्हींचं उद्‌घाटन एकाच लग्नात करायचं ठरवलं.

लग्न शहराबाहेर. जाताना रस्त्यात गाडी मंदावली आणि थांबली. आदल्या दिवशी चार्जिंगला लावायचं राहिलं होतं, एवढंच. पण मेव्हण्यांची वीस वर्षं स्कूटरवर गेलेली. स्कूटर थांबली की आपण काय करतो? आधी रिझर्व्हचा खटका शोधतो. तो सापडला नाही, तर स्कूटर जमिनीपर्यंत आडवी करतो, म्हणजे तळाशी उरलेलं चार थेंब पेट्रोल पुढे येतं. मेव्हण्यांनी गाडी मांडीला टेकवून मस्तपैकी आडवी केली. एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला.

आता त्या वेळच्या बॅटरीत असायचं ॲसिड.

रिक्षानं लग्नाला पोचले तेव्हा कोणाला काही दिसलं नाही. पण पंगतीत मांडी घालून बसले, आणि पँट जाळीसारखी विरत गेली. संध्याकाळी दुकानात आले ते कमरेला वऱ्हाडातला टॉवेल गुंडाळून. नाना उभेच राहिले. बहिणीचा नवरा! मेव्हणेही नात्याला जपणारे. शांतपणे म्हणाले, "नाना, गाडीबद्दल माझी काही तक्रार नाही. पण शिंप्यानं विचारलं तर त्याला काय सांगू?"

गफूरभाई वायंडिंगचं काम टाकून आत निघून गेले. आतून बराच वेळ खोकल्याचा आवाज येत होता.

*

दुकानाबाहेर एक बाक होता. त्यावर दुपारनंतर वादसभा भरायची. तिचे अध्यक्ष कॉलेजात फिजिक्स शिकवणारे एक सर. ते गाडीच्या बाजूनं असे काही बोलायचे, की मीच दोन गाड्या घ्याव्यात असं मला वाटायचं. इंजिनमध्ये उष्णता किती वाया जाते, धूर किती होतो, तेल बाहेरून आणावं लागतं, सगळं मुद्देसूद.

एकदा एक कापसाचा व्यापारी थांबून हे ऐकत होता. त्यानं एकच विचारलं, "सर, लाईट गेली तर?"

सर म्हणाले, "पेट्रोल पंप बंद असला तर?"

"तर मी दुसऱ्या पंपावर जातो," व्यापारी म्हणाला. "लाईट मात्र जाते ती अख्ख्या तालुक्याची जाते."

सर त्यावर बोलणार तेवढ्यात लाईट गेली. व्यापाऱ्यानं नमस्कार केला आणि निघाला.

शेवटी एक दिवस नानांनी सरांना विचारलंच, "सर, वर्ष होत आलं, तुम्ही रोज बाजू मांडता. एक गाडी तुम्हीच का घेत नाही?"

सर आपल्या सायकलला टेकून उभे होते. म्हणाले, "नाना, मी तत्त्वतः बाजूनं आहे."

*

व्याह्यांचा किस्सा अक्का स्वतः सांगायच्या. तशी मजा मला आणता यायची नाही, पण सांगतो.

व्याही नरडाण्याचे. बॅटरीची गाडी एकदा भरली की कशीबशी नरडाण्याहून धुळ्यापर्यंत पुरायची. म्हणजे बाजाराचं, कोर्टाचं, कुठलंही काम असो, धुळ्यात आले की गाडी आमच्या दुकानात चार्जिंगला. आणि गाडी भरेपर्यंत व्याही वर. आता मुलीचा सासरा घरी बसलेला, त्याला काय पिठलं-भाकरी वाढायची? अक्कांनी पहिल्या खेपेला चुलीवर मातीचं खापर चढवलं आणि पुरणाचे मांडे केले. दुसऱ्या खेपेला पुन्हा मांडे. मध्येच लाईट गेली तर चार्जिंग लांबायचं, मग रात्रीचंही जेवण. व्याही भिडस्त माणूस, त्यांना फार अवघड व्हायचं. "अक्का, साधं काही करा," असं ते म्हणायचे. पण व्याही साधं म्हणाले म्हणून कोणी साधं करतं का?

एके सकाळी अक्का दुकानात आल्या. हातावर मांड्याची पातळ लांब पोळी पेलून पेलून खांदे दुखत होते. नानांसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "कंपनीला एक पत्र टाका. म्हणावं, तुमची गाडी विजेवर चालत नाही. ती माझ्या पुरणावर चालते."

नाना खाली मान घालून हसत होते. पण अक्का वर गेल्यावर मला म्हणाले, "पाहिलंस? घरची माणसं गाडीसाठी त्रास सोसताहेत. गाडीनं कोणाचं तरी भलं केलेलं मला एकदा बघायचंय."

*

आता नाना नाहीत. गफूरभाईही गेले. ती कंपनीसुद्धा पुढे दोनतीन वर्षांत गुंडाळली गेली. दुकानाच्या जागी मोबाईलचं दुकान आहे आणि त्या मुलांना मी कोण हे माहीत नाही. त्या गल्लीतून जाताना मला अजून चुकल्याचुकल्यासारखं होतं. नोकऱ्या मी पुढे पुष्कळ केल्या, पण मालकाच्या काळजीनं माझं जेवण कमी झालं ते तिथेच.

तर आखाजी आठवड्यावर आली होती. दुपारी केळीवाल्यानं गाडी पुढे ढकलली. एक आबा आत आले. वय झालेलं, पण चालणं ताठ. ते कोपऱ्यातल्या गाडीसमोर उभे राहिले.

नाना लगबगीनं खाली आले. "कोणाकडून आलात आबा? कोणी पाठवलं?"

"कोनीच नही. पाटी वाची."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. आता आपल्याकडे दोन माणसं भेटली, की गाव विचारायचं, आडनाव विचारायचं, मामाकडचं कोण ते विचारायचं, आणि चहा यायच्या आत नातं बाहेर काढायचं. आबांनी सुरुवात केलीच, "आम्ही चोपड्याकडला. आमनी मोठी बहीण आठेच धुयाले..."

"आबा, ते राहू द्या," नाना घाईनं म्हणाले. "नातं नको काढायला. गाडी बघा."

आबांनी गाडी बघितली. पळते किती हे विचारलं नाही. किती माणसं बसतात हेही नाही. फक्त बॅटरीचं झाकण उघडायला लावलं आणि विचारलं, "एकदा भरी का किती येळ पुरस?" मी सांगितलं. आबांनी मान हलवली आणि म्हणाले, "द्या."

पावती मी केली. आडनाव लिहायची वेळ आली तेव्हा नाना पाठ फिरवून कॅलेंडर बघत होते. चोपड्याकडे परतणाऱ्या केळीच्या रिकाम्या ट्रकमध्ये गाडी चढली. नानांनी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले. सरांनासुद्धा.

आखाजी झाली आणि नानांना चैन पडेना. "एकदा बघून येऊ. गाडी कशी चालते ते त्याच्या तोंडून ऐकू." मी, नाना आणि गफूरभाई एसटीनं अमळनेर, तिथून चोपडा, तिथून सातपुड्याच्या बाजूला मिळेल त्या वाहनानं गावात पोचलो. दिवस मावळला होता आणि गावात लाईट नव्हती. सगळी घरं अंधारात. एकाच अंगणातून निळसर उजेड येत होता आणि गाण्याचा आवाज.

आबांचंच अंगण. जेवढं गाव तेवढं सगळं तिथे बसलेलं. म्हातारे बाजेवर, बायका पायऱ्यांवर, पोरं मातीत. ओट्यावर आमची गाडी स्टँडवर उभी. हँडलला हार, सीटवर कंपनीचं प्लॅस्टिक तसंच. बॅटरीचं झाकण उघडं होतं, आणि तिथून निघालेल्या दोन वायरी शेजारच्या टेबलावरच्या टीव्हीत गेल्या होत्या. सिनेमा चालू होता.

नाना ओट्यासमोर खिळून उभे राहिले. पायरीवरून एक बाई म्हणाल्या, "भाऊ, आडे नका उभा ऱ्हावा, दिसत नही."

आबा धावत आले. सगळ्यांत पुढची खुर्ची रिकामी करून त्यांनी नानांना बसवलं. गफूरभाई वाकून वायरी बघून आले आणि हळूच म्हणाले, "जोडणी चोख आहे." जाहिराती लागल्या तेव्हा नानांनी घसा साफ केला.

"आबा, गाडी कशी आहे?"

"एक नंबर. टॅक्टरनी बॅटरी काढी ते सकायले टॅक्टर चालू व्हत नही. हाई रातले लाईट उनी का भरी लेस. आजलोंग एकदाबी धोका नही दिन्हा. मन्या पोरी दर साल आखाजीले येतस, आन् आठे टीव्ही दिसत नही म्हनीसन दुसरा दिन परत जातस. यंदा आजून गयात नही." त्यांनी पायरीवर बसलेल्या तिघींकडे हात केला, मग तोच हात साऱ्या अंगणावरून फिरवला. "बठ्ठा गावना भरवसा शे हिच्यावर."

नाना खुर्चीतून पुढे वाकले. मग अगदी खालच्या आवाजात त्यांनी विचारलं, "आणि... बसून कुठे गेलात का कधी?"

आबांना प्रश्नाचं नवल वाटलं.

"कथा जावानं, नाना? बठ्ठं गाव ते आठेच येस."